मऊ नोंद

माझ्या सासऱ्यांना क्षय नव्हता. तरी आमची ॲम्ब्युलन्स मिरजेत शिरायच्या आधीच तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या क्षय वॉर्डात त्यांची खाट तयार होती. गाडीतल्या पडद्यावर ती दिसत होती. पांढरी चादर, शेजारी सलाईनचा पंप, उशाशी नाव : हणमंत साळुंखे, विटा. एवढी तत्परता आमच्या लग्नात हॉलवाल्यानंही दाखवली नव्हती.

"काहीही कर," प्रणाली माझ्या कानाशी म्हणाली, "पण अण्णांना त्या वॉर्डात जाऊ देऊ नकोस."

"मी काय करू? मला कोण विचारतंय?"

प्रणाली माझी बायको, अण्णा तिचे वडील. अण्णा स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते. ताप एकशे तीनच्या वर, ओठ कोरडे पडलेले, मधूनच कोरडा खोकला. त्यांना लसिकाग्रंथींचा कर्करोग होता. दहा दिवसांपूर्वी त्याचं तिसरं इंजेक्शन झालं होतं आणि त्या इंजेक्शनानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. अशा माणसाला साधी सर्दीसुद्धा महागात पडते, आणि याला आता खोकणाऱ्या क्षयरोग्यांच्या मधोमध झोपवायची तयारी झाली होती. गाडीत हे सगळं दोघांना माहीत होतं, मला आणि प्रणालीला. ज्याचं शरीर होतं त्याला माहीत नव्हतं, आणि जे यंत्र त्याला घेऊन निघालं होतं त्यालाही नव्हतं.

हे यंत्र म्हणजे प्रतिरूप. आता गावागावांत पोचलंय, तरी थोडं सांगतो. पूर्वी पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायचा म्हणजे बरोबर जाडजूड फाइल असायची. अर्धे कागद घरी विसरलेले, उरलेल्यांवरचं अक्षर लागत नाही, आणि नवे डॉक्टर म्हणणार, बाहेरचे रिपोर्ट आम्ही धरत नाही, सगळ्या तपासण्या परत करा. या गोंधळात माणसं मरायची. प्रतिरूपानं ते थांबवलं. तुमचं वजन, रक्त, हृदयाचे ठोके, चालू औषधं आणि डॉक्टरांचं निदान एवढं घेऊन ते तुमच्या शरीराची एक चालती नक्कल गणितात उभी करतं. मनगटावरच्या पट्टीतून तिला सतत ताजे आकडे मिळत राहतात. या माणसाला पुढच्या सहा तासांत काय होईल हे ती नक्कल आधी स्वतःवर करून बघते. पेशंट हलवायचा झाला की माणसाच्या पुढे नक्कल पोचते, आणि तिच्या हिशेबानं तिकडची खाट, औषधांची कपाटं, पंप सगळं लागून तयार राहतं. यानं खूप जीव वाचलेत. मी सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. असल्या गणिताबद्दल मला प्रेम आहे, आदरही आहे. राग येतो तो माणसांचा.

कारण प्रतिरूपाबरोबर एक कायदा आला. पेशंटला एक आणि डॉक्टरला एक अशा दोन नोंदी ठेवायच्या नाहीत. नोंद एकच. दवाखाना बदलला की ती पेशंटला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं. कायदा चांगलाच होता. पण तो करणाऱ्यांना आमची घरं माहीत नसावीत. आमच्याकडे मोठा आजार निघाला की डॉक्टर आधी नातेवाइकांना बाजूला घेतात, आणि नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "त्यांना सांगू नका, हाय खातील."

मग वाट निघाली ती मऊ नोंद. डॉक्टर नोंदीत खऱ्या आजाराच्या जवळपासचा, ऐकायला बरा असा आजार लिहितात. पेशंट पुढे पाठवायचा झाला की तिकडच्या डॉक्टरांना आधी फोन करतात, "माझी मऊ नोंद आहे हां." पुढचा समजतो. विट्यापासून मिरजेपर्यंत सगळ्या डॉक्टरांना हा शब्द ठाऊक आहे. एकाही नियमात तो सापडणार नाही.

प्रणालीनं हा मार्ग निवडला तो मायेपोटी, हे मला मान्य करावंच लागेल. तिची आई कॅन्सरनं गेली. त्यानंतर अण्णांसमोर कुणी तो शब्द काढला तर ते पानावरून उठायचे. म्हणून मानेतल्या गाठींचा रिपोर्ट आला, तेव्हा तिनं डॉक्टर इनामदारांच्या केबिनमध्ये हात जोडले. इनामदारांच्या हॉस्पिटलच्या पाटीवर 'रक्त व ग्रंथी विकार' एवढंच लिहिलंय. कॅन्सर लिहिलं तर पेशंट पायरी चढत नाहीत, असं ते हसून सांगतात. अण्णांच्या नोंदीत त्यांनी ग्रंथींचा क्षय लिहिला. कॅन्सरची इंजेक्शनं क्षयाची औषधं म्हणून नोंदली गेली. गाठीचा रिपोर्ट त्यांच्या टेबलाच्या खणात राहिला. केस जातील ही भीती नव्हती, अण्णा ते दुकानाच्या दिवसांत केव्हाच कोइमतूरला ठेवून आले होते. या सगळ्यात मला कुणी विचारलं नाही. जावयाला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही, त्यातून मी सासऱ्यांच्या घरी वरच्या मजल्यावर राहतो.

पण कागदावरचं खोटं आणि प्रतिरूपातलं खोटं यांत फरक आहे, आणि तो मलासुद्धा उशिरा कळला. कागदावरचं खोटं नुसतं पडून राहतं. प्रतिरूपातलं खोटं कामाला लागतं. नक्कल त्याच्यावर दिवसरात्र गणितं करते, त्याला धरून अंदाज बांधते, निर्णय घेते. त्या दिवशी दुपारी अण्णांचा ताप चढला, पट्टीनं तो पाहिला आणि नकलेनं हिशेब केला. क्षयाचा पेशंट, ताप, खोकला. म्हणजे क्षय गाठींतून फुप्फुसात उतरला. पांढऱ्या पेशी कमी आहेत? क्षयाच्या औषधानं कधीकधी होतं, ते औषध तूर्त बंद. लागण होऊ शकते, म्हणून क्षय वॉर्ड. निरीक्षण सकाळपर्यंत. एकेक पायरी बरोबर होती. मी परीक्षक असतो तर पूर्ण गुण दिले असते.

ॲम्ब्युलन्सही नकलेनंच बोलावली. इनामदार तेव्हा विमानात होते, फोन बंद. "मऊ नोंद आहे हां" म्हणणारं कुणी उरलंच नाही.

मिरजेला उतरल्यावर आम्हाला भेटली ती डॉक्टर तांबोळी. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, डोळ्यांखाली झोप साचलेली. प्रणालीनं तिला खांबामागे ओढून एका दमात सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"किती दिवस झाले इंजेक्शनला?"

"दहा."

"आणि आत्ता सांगताय?" तिनं अण्णांच्या पोटावर, मानेवर हात फिरवला, रक्ताचा आकडा पाहिला. "हे बघा, मला पटतंय तुमचं. आकडेही तेच सांगतायत. पण मला पटून हे कपाट उघडत नाही."

खरंच उघडत नव्हतं. भिंतीतल्या औषधांच्या कपाटावर तिनं बोट टेकवलं. कपाट सभ्य आवाजात म्हणालं, "हे औषध या निदानासाठी नाही." तिनं पुन्हा टेकवलं, ते पुन्हा तेच म्हणालं. शेवटी तिनं तातडीच्या ट्रेमधलं एक साधं प्रतिजैविक स्वतःच्या जबाबदारीवर टोचलं. "यानं थोडा वेळ मिळेल. पण यांना हवंय ते जास्त जोराचं, पेशी वाढवणारं इंजेक्शन हवंय आणि चौथ्या मजल्यावरची निर्जंतुक खोली हवीय. या तिन्ही गोष्टी निदानाशी बांधलेल्या आहेत."

"मग निदान बदला!" मी म्हणालो.

"मी लावलेलं निदान मी बदलू शकते. हे इनामदारांचं आहे. ते बदलू शकतात दोघं. इनामदार, नाहीतर पेशंट."

"डॉक्टरला काहीच अधिकार नाही?"

"समितीकडे अर्ज करता येतो. केलाय. उद्या अकराला बसतात."

एवढ्यात तिच्या मनगटावर सूचना वाजली. रुग्ण नियोजित स्थळी नाही. ती बंद करून तिनं अण्णांची ट्रॉली कॉरिडॉरच्या टोकाला, उघड्या खिडकीपाशी नेली आणि तिथंच उभी केली. थोड्या वेळानं परत तेच. रुग्ण नियोजित स्थळी नाही. वॉर्डबॉय येऊन ट्रॉलीला हात लावायला लागला, तर ती त्याच्या अंगावर ओरडली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

मी इनामदारांना फोन लावत राहिलो. त्यांच्या दवाखान्यात जो मदतनीस डॉक्टर होता तो म्हणाला, "सरांनी क्षय लिहिलाय म्हणजे क्षयच असणार." खणाची किल्ली सरांबरोबर विमानात होती. प्रतिरूपाच्या मदत क्रमांकावर लावलं. तिथल्या बाईंनी फार आपुलकीनं सांगितलं, की नातेवाइकांना नोंदीत बदल करता येत नाही, कारण पूर्वी लोक जमिनीच्या वादात आईबापांच्या नोंदीत वेड लागल्याचं घालायचे. मी म्हणालो, आम्हाला जमीन नको, खोली हवीय. त्या म्हणाल्या, "आपली भावना मी समजू शकते." मी फोन आपटणार होतो, पण तो माझा स्वतःचा होता.

"पेशंटनं बदलायचं म्हणजे नक्की काय करायचं?" प्रणालीनं विचारलं.

"यंत्र त्यांना विचारेल, की तुम्हाला क्षय नसून कर्करोग आहे, हे मान्य आहे का. त्यांनी हो म्हणायचं. बास."

प्रणालीचा चेहरा उतरला. मग तो एकदम उजळला, आणि तिला चांगलं ओळखत असल्यामुळे मला धास्तीच वाटली.

"इंग्रजीत विचारायला सांगा ना! अण्णांना इंग्रजी येत नाही. मी त्यांना सांगते नुसतं येस म्हणा. काम होईल आणि त्यांना कळणारही नाही."

डॉक्टर तांबोळीनं तिच्याकडे पाहिलं. तिनं हातातला पडदा पुढे केला. रुग्णाच्या भाषा : मराठी, तमिळ. पस्तीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलेला माणूस. आमच्या विट्याकडची घरंच्या घरं देशभर हाच धंदा करतात, जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ जाळायची आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. अण्णा तमिळमध्ये भांडायचेसुद्धा.

"प्रणाली," मी म्हणालो, "जा आणि सांग त्यांना."

"तू सांग."

"मी कोण? पाव्हणा. तू ठरवलंस, तूच सांग."

"ते कोसळतील रे."

"ते आत्ताच कोसळलेत! ताप बघ!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की अण्णांनी डोळे उघडले.

"काय चाललंय तुमचं?" त्यांनी विचारलं. आवाज खोल गेला होता, पण डोक्यानं ते पक्के जागे होते. "मघापास्नं आइकतोय. खोली काय, कपाट काय. टीबीच्या वार्डात जागा हाय म्हन्त्यात न्हवं? मग न्या की तिकडं. हितं वाऱ्यात कशाला ठेवलंय?"

डॉक्टर तांबोळीनं हातातला पडदा मागे घेतला. प्रणाली ट्रॉलीची कड धरून उभी राहिली.

"अण्णा, तुम्हाला टीबी नाही."

"मग?"

"गाठी आहेत ना मानेत, त्या दुसऱ्या आहेत."

"दुसऱ्या म्हंजी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीकडे बघितलं.

"कॅन्सर आहे, अण्णा."

अण्णा छताकडे बघत राहिले. मी मनात तयारी करून होतो. ते रडतील, तोंड फिरवतील, आता नको काही म्हणतील. तीन महिन्यांचं सगळं नाटक याच एका क्षणाच्या भीतीवर उभं होतं. पण ते तसलं काही करेनात. त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकाची चौकशी करावी तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"पहिल्यापासून."

"इनामदाराला?"

"त्यांनीच तर..."

"पाव्हण्यास्नी?"

मी मान डोलावली. मग अर्धवट उठून बसायची धडपड करत त्यांनी विचारलं, "आन् ह्ये लागत न्हाई?"

"काय?"

"कॅन्सर. दुसऱ्याला लागत न्हाई न्हवं?"

"नाही अण्णा. नाही लागत."

"मग शर्वीला मला घेता आलं असतं."

शर्वी आमची मुलगी, अडीच वर्षांची. क्षय म्हटल्यापासून अण्णांनी तिला हात लावला नव्हता. स्वतःचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, खालच्या खोलीत आतून कडी घालून राहायला लागले. मला वाटलं होतं चार दिवसांत विसरतील. ते विसरले नाहीत.

"अण्णा, मी सांगत होते की घ्या तिला," प्रणाली रडत म्हणाली. "इनामदारही म्हणाले होते, गाठीचा टीबी लागत नाही..."

"टीबी म्हनल्यावर कोन घील गं? माझा सख्खा चुलता गेला टीबीनं, त्याच्या मागनं त्याचं दोन वर्षांचं पोरगं. मी बगितलंय ते. आन् मी घीन नातीला मांडीवर?" त्यांना धाप लागली, तरी ते थांबेनात. "रोज यायची ती दारात. थापा मारायची. आजोबा दार काढा, आजोबा दार काढा. रडून रडून गप हुयाची. मी आत पांघरूण तोंडावर घिऊन बसायचो. तू सैपाकघरात हुतीस न्हवं? तुला आइकू येत हुतं न्हवं?"

येत होतं ऐकू, वरच्या मजल्यापर्यंत यायचं.

"मरनाचं काय न्हाई गं," अण्णा म्हणाले. "त्ये यायचंच हाय. माझं मला ठरवू द्यायचं हुतं की तीन म्हैनं कसं काडायचं त्ये."

डॉक्टर तांबोळी हळूच म्हणाली, "काका, वेळ कमी आहे."

"कुटं बोलायचं?"

तिनं पडदा त्यांच्या तोंडाजवळ धरला. यंत्रानं नाव विचारलं, गाव विचारलं, आज कोणता वार आहे ते विचारलं. माणूस भानावर आहे याची ती परीक्षा असते. मग त्या सभ्य आवाजात प्रश्न आला, की तुम्हाला क्षय नसून लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे, अशी दुरुस्ती तुम्ही करत आहात का?

"करतोय," अण्णा म्हणाले. "हो."

आणि इतका वेळ जे काही केल्या हलत नव्हतं ते सगळं एकदम हललं. पडद्यावरची नक्कल क्षणभर थिजली आणि नव्यानं उभी राहिली. नव्या गणितानं आधीची इंजेक्शनं ओळखली, तापाचा अर्थ ओळखला, पेशी कुठे गेल्या ते ओळखलं, आणि पडद्याची कड लाल झाली. भिंतीतलं कपाट आपण होऊन उघडलं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत हवेचे पंप सुरू झाल्याची सूचना आली. मघाचाच वॉर्डबॉय धावत आला. डॉक्टर तांबोळीनं तीन औषधं काढली, दोन तिथंच चढवली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण नुसता संताप येत होता. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द घरात तीन महिने पडून होता.

लिफ्टच्या दारात यंत्रानं नव्या नोंदीच्या अटी वाचायला घेतल्या. खोलीत कुणीही येणार नाही. बाहेरचं अन्न नाही. पेशी भरून येईपर्यंत लहान मुलांचा संपर्क नाही.

तिसऱ्या अटीला अण्णा थांबले. यंत्रानं ती पुन्हा वाचली. प्रणालीनं तोंडावर पदर धरला.

"हो," अण्णा म्हणाले.

"शेवटचा प्रश्न," यंत्र म्हणालं. "तुमच्या प्रकृतीची माहिती कोणाला द्यावी? सध्याची नोंद : मुलगी, प्रणाली."

"त्ये नाव काडा."

"अण्णा!"

"काडा म्हनलं न्हवं?" ते तिच्याकडे न बघता यंत्राला म्हणाले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं, ह्येच्यात तुमाला कुनी इचारलं हुतं?"

"नाही."

"वाटलंच. तुमचं नाव घालतो."

लिफ्टचं दार बंद झालं. प्रणालीच्या फोनवर गेले तीन महिने अण्णांच्या नाडीचा हिरवा ठिपका लुकलुकायचा. चपात्या लाटतानासुद्धा ती तो डाव्या हाताशी ठेवायची. तो गेला. माझ्या खिशात फोन थरथरला, आणि ठिपका तिकडे सुरू झाला.

इनामदारांचा फोन संध्याकाळी आला. उतरल्या उतरल्या बघितलं म्हणाले, मिस्ड कॉल फार होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अरेरे. पण आता झाली ना दुरुस्ती? मग झालं तर. थोडं थांबला असतात तर मी फोनवर मिटवलं असतं, पेशंटला सांगायची वेळच आली नसती." मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांच्याकडे तेव्हा त्याच पद्धतीचे आणखी किती पेशंट होते हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

रात्र आम्ही चौथ्या मजल्याच्या बाकावर काढली. सकाळी काचेपलीकडे अण्णा झोपलेले दिसत होते, भिंतीकडे तोंड करून. प्रणाली तीनदा काचेपाशी गेली, दोनदा तिनं बोलायचं बटण दाबलं. त्यांनी तोंड इकडे वळवलं नाही. नर्सला विचारलं, तर नर्स पडद्यावर बघून म्हणाली, "सॉरी ताई, तुमचं नाव दिसत नाही मला."

"मी मुलगी आहे त्यांची!"

"हो ताई. पण नाव नाही."

प्रणाली परत येऊन माझ्याशेजारी बसली. मग तिनं विचारलं, "किती आहे?"

मी फोन काढला. ताप शंभर होता. रात्रभर एकेक करून उतरला होता आणि आता शंभरावर आला होता. त्याखाली पेशींचा आकडा, इवलासाच, पण कालच्यापेक्षा वर. नकलेनं पुढच्या सहा तासांचा अंदाज दिला होता, त्याची रेघ सरळ खाली जात होती. आयुष्यात एवढी सुंदर रेघ मी पाहिली नव्हती. मी फोन तिच्यापुढे धरला, पण पडदा माझेच डोळे ओळखतो. तिनं वाकून पाहिलं की तो काळा पडायचा.

"शंभर," मी म्हणालो. "उतरतोय. पेशीपण वाढायला लागल्यात. धोका टळलाय, प्रणाली."

तिचा चेहरा आता सैल पडेल म्हणून मी बघत होतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, डोळ्यांत, कपाळावर, ओठांच्या कडांवर. जसं काही तिथं कुठेतरी दुसरा आकडा लिहिलेला असेल.

"खरं सांगतोयस," तिनं विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं सांगतोय."

"शपथ?"

"शर्वीची शपथ."

तिनं मान हलवली, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.